दारातली म्हातारी

आक्कांचा ‘हं’ मी एकोणीस वर्षं ओळखते. कहाणीतली राणी उपाशी निजली की तो खोल जातो, विहिरीत पोहरा सोडल्यासारखा. देवी प्रसन्न झाली की आखूड होतो, जणू त्यांना ते आधीच ठाऊक होतं. झोप आलेली असली की ‘हं’च्या शेवटी थोडी हवा निसटते. मी डोळे मिटून सांगत असले तरी त्या एका आवाजावरून मला कळतं, आक्का आता कहाणीत कुठे पोचल्यात.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, लंकाबाई. आळ्याच्या शिवारात, बेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून आहेत, पुढे एकच अंगण, मध्ये तुळस. एकोणीस वर्षांपूर्वी माझा सुदर्शन तापाने फणफणला. बावीस दिवस ताप उतरेना, तेव्हा मी देवापुढे वसा घेतला की रोज एक कहाणी सांगेन आणि मगच तोंडात घास घालीन. सोमवारची सोमवारी, शुक्रवारची शुक्रवारी. सुदर्शन उठला, मोठा झाला, चाकणला कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं. वसा चालू आहे.

पण कहाणीला ऐकणारी लागते. सांगणारीच्या मुठीत तांदळाचे पाच दाणे, ऐकणारीच्या मुठीत पाच. ऐकणारीने मध्ये मध्ये हुंकार द्यायचा. हुंकाराशिवाय सांगितलेली कहाणी अर्ध्या वाटेवरून माघारी येते, असं माझी आई म्हणायची. कहाणी झाली की दहाही दाणे तुळशीला वाहायचे आणि जेवायला बसायचं.

ते पाच दाणे आक्कांनी एकोणीस वर्षं धरले. वसा माझा, त्यांचा नव्हे. तरी कांद्याची काढणी असो की घरात पाहुणे असोत, सकाळी दहाच्या सुमाराला त्या हात धुऊन ओट्यावर यायच्या आणि मूठ पुढे करायच्या. “सांग बाई लवकर,” म्हणायच्या, “तू उपाशी, अन् तुझ्यापायी तुझा देव उपाशी.”

भांड्यावर नाव घालून घेतात ना, लग्नात आलेल्या, तसं त्या ‘हं’वर माझं नाव घातलेलं आहे असं मी धरून चालले होते. मागून कुणी नेलं तरी नाव वाचून परत आणून देतील.

यंदा ज्येष्ठात आक्का साठवणीच्या बराखीतले कांदे निवडताना घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. मंचरला ऑपरेशन झालं, आत रॉड घातला, आणि डॉक्टरांनी तीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही म्हणून सांगितलं. मग मीच दाणे घेऊन त्यांच्या खोलीत जाऊ लागले. मला ते बरंच वाटलं होतं, खरं सांगायचं तर. आता त्या कुठे जाणार नाहीत, त्यांना कुणी बोलावणार नाही. दुसऱ्याच्या मोडलेल्या पायाचं असं बरं वाटून घेणं पाप आहे, हे मला माहीत आहे.

आक्कांची नात हर्षाली कॉलेजात शिकते. आजीचा दिवस जावा म्हणून तिने आपला जुना मोबाइल त्यांना दिला. त्यात एक गोष्टींचं ॲप घालून दिलं.

आषाढातल्या एका गुरुवारी मी दाणे घेऊन गेले तर आतून बाईमाणसाचा आवाज आला. कुणी पाहुणी आली असेल म्हणून मी दारातच पदर सारखा केला. आत पाहिलं तर कुणी नव्हतं. आक्का उशीला टेकून बसल्या होत्या आणि मांडीवरच्या मोबाइलमधून ती बाई बोलत होती. “लंका, समोर दोन वाटा आहेत. डावीकडे वेळूचं बन, उजवीकडे काळं पाणी. आता तू काय करशील?”

लंका. आक्कांना नुसतं लंका म्हणणारी माणसं केव्हाच वर गेली. भरतची आई, हर्षालीची आजी, माझ्या आक्का, गावाच्या लंकाबाई, आणि ही कोण कुठली बाई, जिला तोंड नाही की कपाळ नाही, ती एकेरीत हाक मारते. आणि आक्का, त्या हसत होत्या. गाल वर करून, पोरीबाळी हसतात तशा.

हर्षालीने मला समजावून सांगितलं. एका राज्यातली सकाळ चोरीला गेलेली आहे. तिथे कायमचा अंधार. एक मुलगी हातात दिवा घेऊन सात वेशी ओलांडून सकाळ परत आणायला निघते. मुलीचं नाव आपण घालू ते, तिने आजीचं घातलं. प्रत्येक वेशीपाशी गोष्ट थांबते आणि विचारते. पडद्यावर दोन चौकोन येतात, ज्या चौकोनाला बोट लावाल तिकडे गोष्ट जाते. चुकलं तर दिवा विझतो, मग मागच्या वेशीपासून पुन्हा सुरुवात. वाचताही येतं, पण आजीला बारीक दिसत नाही म्हणून तिने बोलणारी बाई लावून दिली होती.

मी दाणे पुढे केले. आक्का म्हणाल्या, “थांब गं प्रयागे, येवढं बन वलांडू दे.”

एकोणीस वर्षांत हा शब्द कधी आला नव्हता. मी थांबले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. सतरा मिनिटं. तोवर मुठीतले दाणे ओले झाले. मग आक्कांनी हात पुसला, दाणे घेतले, मी कहाणी सांगितली. ‘हं’ येत होता. पण उशिरा येत होता, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा.

त्या दिवसापासून माझा देवाजवळचा वेळ नासला. जप करताना कान भिंतीला. पलीकडे ती बाई बोलायची, इतकं गोड, इतकं न थकता. तिला खोकला नाही, तिला घाई नाही, तिची चूल पेटलेली नाही. मी एक कहाणी सांगते ती जशी आईकडून आली तशी. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, तोच तर वसा. आणि ती प्रत्येक वळणावर आक्कांना विचारते. लंका, तू काय करशील. लंका, तुला काय हवं. मी तरी कधी विचारलं होतं का आक्कांना, की आता पुढे काय व्हावं असं तुम्हाला वाटतं? कहाणीत असं विचारायची रीत नाही. पण माणूस म्हणूनही विचारलं नव्हतं, हे तेव्हा टोचलं आणि त्या टोचण्याचा रागही त्या बाईवरच काढला.

आमच्या ह्यांना मी ओझरतं बोलले तर ते भाकरी मोडत म्हणाले, “तुझ्या देवीला रिचार्ज मारून बघ.” मी पुन्हा त्यांच्याकडे तो विषय काढला नाही.

श्रावण लागला. श्रावणात शेजारपाजारच्या पाच-सात बायका माझ्याकडे कहाणीला बसतात. यंदा त्या आक्कांच्या कॉटभोवती बसायला लागल्या. आधी माझी कहाणी, मग ती गोष्ट, असं ठरलं होतं. पण माझी चालू असताना सगळ्यांचे डोळे उशीवरच्या त्या काळ्या काचेकडे असायचे. माझं संपलं की खोली जागी व्हायची. डावीकडं जा, उजवीकडं जा, अगं बाई मेली. माझी सून स्नेहल पतसंस्थेत नोकरीला जाते, तीसुद्धा सुट्टीच्या दिवशी तिथेच. एकदा भाजी निवडता निवडता ती मला सहज म्हणाली, “आत्या, राग नका मानू, पण तुमच्या कहाणीत आपल्याला कुणी काही इचारतच न्हाई. नुसतं हं म्हणायचं. मोबाइलमधली बाई कशी, आपल्यावर सोडती.”

मी राग मानला नाही असं म्हणाले. देठं जरा जास्तच खुडली गेली.

मग मी एक वाईट गोष्ट केली. मंगळवार होता आणि मी शुक्रवारची कहाणी सांगितली. मुद्दाम. आक्का ऐकतात की नाही ते बघायला. सुरुवातीलाच फरक कळायला हवा होता, लहान पोरालाही कळला असता. आक्का ‘हं’ म्हणाल्या. पुढे गेले, ‘हं’. शेवटपर्यंत सगळे ‘हं’ जागच्या जागी. दाणे मला परत देताना त्यांनी माझ्याकडे थोडं जास्त वेळ बघितलं आणि मोबाइल उचलला.

म्हणजे कुठलीही कहाणी चालते. म्हणजे मी तिथे बसून कांद्याचा बाजारभाव वाचला तरी चालेल. घरी येऊन मी देवाची क्षमा मागितली, वार मोडल्याबद्दल. ज्यासाठी मोडला त्याबद्दल मागितली नाही.

त्याच सुमाराला आक्का पाचव्या वेशीला अडकल्या. भिंतीतून रोज तेच ऐकू यायचं. बाई गोड आवाजात म्हणायची, “लंका, तुझा दिवा विझला.” मग पुन्हा चौथ्या वेशीपासून. पुन्हा, “लंका, तुझा दिवा विझला.” आठ दिवस चाललं होतं. हर्षाली ओरडायची, “आजे, अगं ऐक ना माझं,” आणि आक्का म्हणायच्या, “माझी गोष्ट हाय. माझं मी बघीन.” माझी कहाणी संपली की मी हल्ली उठून यायची, काय अडलंय ते विचारलं नाही. अडलंय एवढ्यावर माझं भागत होतं. तुळशीला पाणी घालताना तो विझलेल्या दिव्याचा आवाज कानी आला की धार आपोआप मोठी पडायची.

श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी आक्कांना एक्स-रेसाठी मंचरला न्यायचं होतं. आदल्या दिवशी मी विचारलं, उद्या माझी कहाणी कशी व्हायची. आक्का उशी नीट करत म्हणाल्या, “स्नेहलला सांग की. ती म्हनंल हं.”

जणू हं म्हणजे मीठ, कुणाच्याही घरून वाटीभर आणावं.

सकाळी भरतने गाडी काढली, हर्षाली सोबत गेली. जाताना कोंबड्यांना दाणे टाकायला सांगून किल्ली मला दिली. स्नेहल नऊच्या एसटीने गेली. तिला मी कहाणीचं विचारलंही नाही. दहा वाजता सवयीने मुठीत तांदूळ घेतले आणि त्यांच्या घराचं कुलूप काढलं. कोंबड्या बाहेर होत्या. मला आत जायचं काही कारण नव्हतं.

मोबाइल कॉटशेजारी चार्जिंगला लावलेला होता. बोट लावलं तर उजळला. कुलूपबिलूप काही नाही. आणि ती बाई, मी कोण आहे हे न बघताच, बोलायला लागली. वारा सुटलाय, लंका एका झोपडीत आडोशाला बसलीये, दिवा मंद करून. दारावर थाप पडते. बाहेर एक म्हातारी उभी आहे. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर चिंध्या, पायाला जखम. म्हणते, पोरी, दोन दिवसांची उपाशी आहे, आत घे. “लंका, आता तू काय करशील?”

खाली दोन चौकोन. एकात लिहिलेलं, दार उघड आणि तिला आत घे. दुसऱ्यात, तिला हाकल आणि दार लावून घे.

मला हसू आलं. ही वेस तर मी झोपेत ओलांडली असती. आमच्या कहाण्यांत दारी येणारी अशी म्हातारी देवीखेरीज दुसरी कोण असते? जिने तिला न्हाऊ घातलं, घास दिला, तिच्या घरात काही कमी पडलं नाही. जिने नाक मुरडून हाकललं, तिच्या कणगीतल्या धान्याचे कोळसे झाले. सोमवारी हेच, गुरुवारी हेच, शुक्रवारी हेच. आठ दिवस आक्कांना एवढं कळू नये? एकोणीस वर्षं मी सांगितलं ते सगळं त्या बाईने इतक्यात पुसून काढलं?

बरोबर काय ते मला ठाऊक होतं. म्हणूनच चूक काय ते मला नीट ठाऊक होतं.

मला तो दिवा विझवायचा होता. चौथ्या वेशीपर्यंतसुद्धा नव्हे, पार विझावा, गोष्ट संपावी, कोळसे व्हावेत. आक्कांनी आल्यावर बघावं, दोन दिवस हळहळावं आणि मग हात धुऊन मूठ पुढे करावी. मी तांदूळ डाव्या मुठीत घेतले. उजव्या हाताचं बोट पुढे केलं. देवाला गंध लावते ती अनामिका नव्हे, शेजारचं. तेवढी लाज होती. आणि त्या बोटाने मी म्हातारीला हाकललं.

बाई पुढे काहीतरी बोलायला लागली. मी मोबाइल पालथा घातला आणि वरून उशी ठेवली. उशीखालून ती बराच वेळ पुटपुटत होती.

कहाणी तुळशीला सांगितली. तुळस हं म्हणत नाही. मग जेवले. घास उतरला नाही असं म्हणणं खोटं होईल, दोन भाकरी खाल्ल्या.

गाडी दिवस मावळायला परत आली. बिबट्याच्या धाकाने आमच्याकडे सातला दारं लागतात, म्हणून विचारपूस करायला सकाळीच जाऊ म्हटलं. पण भिंतीतून आधी हर्षालीची टाळी ऐकू आली, मग मोबाइलमधून फटाक्यांचा आवाज. स्नेहल त्यांच्याकडे डोकावून धावतच घरी आली. चप्पल काढता काढता सांगत होती, “आत्या, मोठ्या आत्यांची पाचवी वेस गेली की! ती म्हातारी राक्षसीण हाय ना. आत घेतली की दिव्यावर फुंकर घालती. हाकलायचीच व्हती ती.”

मी पीठ मळत होते, मळत राहिले. म्हातारी राक्षसीण. कुणी लिहिली असेल ही गोष्ट, कुणाच्या घरात वाढला असेल तो, ज्याला दारात आलेली उपाशी म्हातारी राक्षसीण वाटली? आणि त्याहून जास्त जळलं ते हे की माझ्या दुष्टपणाचंही त्या बाईने सोनं करून घेतलं. मी विझवायला गेले आणि दिवा मोठा झाला.

शनिवारी सकाळी दाणे घेऊन गेले तेव्हा मी तयारीत होते. आक्का हसत असतील, सहाव्या वेशीला असतील, मला थांब म्हणतील, मी थांबेन.

खोलीत ती बाई बोलत नव्हती. मोबाइल खिडकीत बंद ठेवलेला. हर्षाली दाराशी डोळे पुसत उभी होती, मला बघून आत गेली. आक्का भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मी मूठ पुढे केली तर त्यांनी हात पदराखाली घेतला.

“नको देऊ,” त्या म्हणाल्या. “आजपासनं दुसरी बघ कुनी. मी म्हातारीला हाकललेली बाई हाय.”

मी म्हटलं, आक्का, असं काय बोलता.

त्यांनी वळून सांगितलं ते असं. म्हातारी राक्षसीण आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आत घेतली की ती फुंकर घालते हेही. हर्षालीने शंभरदा सांगितलं, बायकांनी सांगितलं, स्नेहलने सांगितलं, की हाकला तिला, पुढं जायची तेवढीच एक वाट आहे. आक्कांनी हाकलली नाही. अकरा वेळा दार उघडलं, अकरा वेळा दिवा विझला, अकरा वेळा चौथ्या वेशीपासून चालत आल्या. काल परत येऊन बघतात तर लंका पाचव्या वेशीच्या पलीकडे उभी. घरात दुसरं कोण होतं? हर्षालीने जाताना गुपचूप दाबलं असणार. काल टाळ्या वाजवताना आपण नाही दाबलं म्हणत होती, आजही तेच म्हणते. सकाळी आक्का तिला घालून पाडून बोलल्या होत्या.

“मी मेले तर मेले,” आक्का म्हणाल्या. “पन दारात आलेली उपाशी बाई हाकलायची न्हाई. एकुनीस वर्सं जाऊ रोज उपाशी ऱ्हाऊन मला ह्येच सांगती. ते काय हवेत सांगती व्हय? अन् आता बघ, माझ्या नावानं हाकलली. लंका म्हनून हाकलली.”

मी म्हटलं, आक्का, तो मोबाइलमधला खेळ. तिथली म्हातारी काय खरी थोडीच होती.

“तुझ्या कहानीतली खरी व्हती का गं?” त्यांनी विचारलं. “मी तर खरी समजून दाने धरले.”

पलीकडच्या खोलीत हर्षालीने नाक ओढलेलं ऐकू आलं. तेवढ्यात मी दोनदा ठरवलं की बोलायचं नाही. पोरगी आहे, दोन दिवसांत विसरेल. आजीनातीचं भांडण कितीसं टिकतं. आक्काही निवळतील. पण मूठ पुढे येणार नाही. ती मूठ मीच बंद केली होती, आणि ती कुणामुळे बंद झाली हे त्यांना कळलं नाही तर ती कायमची पदराखाली राहणार. कळलं तर काय होईल ते माहीत नव्हतं. दोन चौकोन होते आणि दोन्हीकडे अंधार.

“हर्षालीनं न्हाई हाकलली,” मी म्हटलं. “मी हाकलली, आक्का.”

पलीकडचं नाक ओढणं थांबलं.

आक्का म्हणाल्या, “तू? तू कशी?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बोट कोणतं ते सुद्धा. तुमचा दिवा विझावा म्हणून केलं म्हटलं. ती बाई तुम्हाला लंका म्हणते आणि तुम्ही हसता. तुमचा हं पहिल्यासारखा राहिला नाही. मंगळवारी मी शुक्रवारची कहाणी सांगितली तरी तुम्हाला पत्ता नाही.

“पत्ता न्हाई?” आक्का कोपरावर उठल्या. पाय दुखला असणार, तोंड वाकडं झालं. “तू त्वांड उघाडलं तवाच कळलं. म्हनलं, बाई थकली, वार चुकली. उपाशी मानसाला टोकायचं न्हाई. जिथं तिथं हं लावत गेले, तुझा वसा मोडू नये म्हनून. माझ्या जिवाला घोर, हिला इसराय लागलं का काय.”

मी खाली बघितलं. दाणे फरशीवर सांडले होते, कधी ते कळलं नव्हतं. मी ते एक एक वेचायला लागले. चारच सापडले.

“आमच्या ह्यांना सुदिक मी इतक्या डाव हं म्हनले न्हाई,” आक्का वरून म्हणाल्या, “जितकं तुला म्हनले. अन् तुला ते पुरंना.” आवाज हसल्यासारखा होता की नव्हता, मला वर बघायचा धीर झाला नाही. “हर्षे, हिकडं ये. तो डबा आन तो. पैल्यापासनं लाव.”

हर्षालीने मोबाइल आणला. आजी, पैल्यापासनं लावलं तर सगळ्या वेशी जातील, ती म्हणाली. जाऊ दे म्हणाल्या. नाव काय घालू, तिने विचारलं. आक्कांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

“हिचं घाल. हिनं चालायचं, मी ऐकते. पाचव्या येशीपतुर. तितं काय करायचं ते हिला ठावं हाय.”

हा दंड होता, आणि मी तो घेतला. त्या शनिवारी आधी माझी कहाणी झाली, माझ्या मुठीत चार दाणे, त्यांच्या मुठीत पाच. एक दाणा कमी पडला तो देवाने समजून घ्यावा. हर्षाली माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही, ते बरोबरच होतं. मग रोज कहाणीनंतर एक वेस. मी कॉटच्या कडेला बसायची, मोबाइल माझ्या मांडीवर.

पहिल्या दिवशी ती बाई म्हणाली, “प्रयाग, समोर दोन वाटा आहेत.”

आई गेल्यानंतर असं मऊ, काही मागायचं नसताना, माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. आक्का बारीक नजरेने माझ्याकडे बघत होत्या. “कसं वाटतं?” त्यांनी विचारलं. मी वेळूच्या बनात शिरले, दुसऱ्या दिवशी नदी ओलांडली, पुलावरच्या पहारेकऱ्याला कोडं घातलं. मध्ये एकदा दिवा विझला तेव्हा मला रात्रभर हळहळ वाटली आणि सकाळी देवाला गंध लावताना मी आजच्या वेशीचा विचार करत होते, हे मी इथे लिहून ठेवते.

गुरुवारी पाचवी वेस आली. खोलीत आक्का, हर्षाली आणि सुट्टी असलेली स्नेहल. वारा सुटला. दारावर थाप पडली. ती आली, जटा, चिंध्या, पायाची जखम, सगळं तसंच.

“प्रयाग, आता तू काय करशील?”

“आत्या,” स्नेहल हळूच म्हणाली, “ती राक्षसीण हाय हां.”

मला माहीत होतं. या खेपेला बोट अनामिका होतं. मी दार उघडलं. म्हातारी आत आली, चुलीपाशी बसली, मी दिलेली भाकरी खाल्ली. मग तिने मान वर केली आणि दिव्यावर फुंकर घातली. पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत माझं कुंकू दिसलं आणि मागे आक्कांचा चेहरा.

“प्रयाग, तुझा दिवा विझला,” बाई म्हणाली.

“हं,” आक्का म्हणाल्या.

खोल, विहिरीत पोहरा सोडल्यासारखा. तो मला होता की त्या बाईला, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही.